काळीवरची वस्ती

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे माणसांच्या राहण्याची. हा भेद केवळ वसुलीच्या सोयीचा नव्हता, मातीचाच होता. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी मातीची घरे बांधावीत, ती पावसाने पडावीत, पडलेल्या भिंतीवर नवी भिंत उभी राहावी, चुलीची राख आणि गोठ्याचा केर त्यातच मिसळावा, असे होता होता गावाखालची माती पांढुरकी होते. नेवासे, जोर्वे, इनामगाव अशा ठिकाणी ज्या पांढरीच्या टेकाडांवर विद्वानांनी कुदळ चालवली, तेथे त्यांना हजारो वर्षांपूर्वीच्या चुली आणि भांडी मिळाली. आमचा शेतकरी मात्र त्याच्याही आधीपासून ही टेकाडे खणत होता, कारण पांढरी माती शेतात टाकली की पीक चांगले येते. पूर्वजांचे घर नातवाच्या शेताला खत म्हणून उपयोगी पडावे, यात आम्हांला तरी काही वावगे वाटत नाही.

आज आमची चिखली पांढरीवर मावत नाही. २०११ च्या शिरगणतीत गावची वस्ती ५८ हजारांच्या आसपास भरली. खामगाव, जालना, मेहकर आणि बुलढाणा अशा चार दिशांचे रस्ते येथे येऊन मिळतात, आणि त्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना, जेथे आमच्या लहानपणी कपाशी आणि ज्वारी उभी असे, तेथे आता चुनखडीच्या खुणा, दगड आणि 'प्लॉट विकणे आहे' अशा पाट्या दिसतात. गाव पांढरीवरून काळीवर उतरले आहे. घर घेणाऱ्या कुटुंबाने यांतील कोणती वस्ती पसंत करावी, कोणत्या जागी मुले नीट वाढतील, हा प्रश्न आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. आम्ही काही घरांचे दलाल नव्हे. हमाल, मापारी, एस. टी.चे नोकर, सफाई कामगार यांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले. परंतु निवृत्त होणाऱ्या माणसाच्या हाती भविष्यनिर्वाह निधीची आणि उपदानाची रक्कम पडली की तो प्रथम युनियनच्या कचेरीत येतो आणि विचारतो, "साहेब, प्लॉट कुठं घ्यावा?" जन्मभराच्या घामाची ती रक्कम एकदाच येते, आणि एकदाच जाते. म्हणून हा विषय आम्हांला व्याख्यानमालेच्या योग्यतेचा वाटला. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झाले, त्यामुळे जे सांगणार ते इतिहासाच्या वाटेने सांगू. पंडितांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

पांढरीवर असा प्रश्न कोणाला पडतच नसे. कोणी कोठे राहावे हे जन्माने ठरलेले होते. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला. त्यात बलुत्यांचा, वतनांचा आणि गावच्या रहाटीचा जो तपशील आहे तो वाचताना ध्यानात येते की गाव ही एक यंत्रणा होती, आणि त्या यंत्राच्या प्रत्येक चाकाला आपली आळी ठरलेली होती. पाटलाचा वाडा वर, कुणब्यांची घरे त्याच्या आजूबाजूस, तेल्याची, सुताराची, कुंभाराची आपापली ओळ. आणि ज्यांच्या कष्टावर गाव उजाडत असे त्यांची वस्ती शिवेजवळ, गावाबाहेर. त्यांना गावच्या विहिरीवर पोहरा टाकण्याची मुभा नव्हती. आजचे काही लोक मोठ्या प्रेमाने सांगतात की पूर्वी शेजार चांगला होता, मूल कोणाच्याही ओट्यावर जेवत असे, हरवले तर सारे गाव शोधत असे. हे खरे आहे, आम्ही स्वतः असल्या ओट्यांवर वाढलो. फक्त पुढे विचारावे की ते मूल कोणत्या आळीचे होते. १९२७ च्या मार्चात महाडच्या तळ्यावर जे घडले ते पाण्यासाठी घडले, आणि पाणी ही कोणत्याही वस्तीची पहिली कसोटी आहे. चांगल्या शेजाराचा इतिहास लिहायचा तर तो ओट्यावरून लिहून चालणार नाही, विहिरीवरून लिहावा लागेल.

हवा, पाणी आणि कुटुंबाची सोय पाहून वस्ती निवडण्याचा आपल्या भागातील एक ठळक दाखला साहेबांचा आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतर जिल्ह्याच्या कारभाराचे ठाणे कोठे असावे हा प्रश्न आला, तेव्हा घाटावरचे, दोन हजार फुटांहून उंच असलेले आणि उन्हाळ्यात त्यातल्या त्यात थंड राहणारे बुलढाणे पसंत पडले. मौज अशी की तालुका नावाने चिखलीचा, आणि त्याची कचेरी बुलढाण्यास. खालच्या मैदानात कापसाचा व्यापार, खामगावला १८७० पासून आगगाडी, पेठ, जिनिंगचे कारखाने. आणि अंमलदारांचे बंगले मात्र वर झाडीत, एकमेकांपासून अंतर राखून. साहेबाने आपल्या मडमेसाठी आणि मुलांसाठी वस्ती निवडली हे माणसासारखेच झाले. त्याला निवडता आले, कारण जमीन, पैसा आणि हुकूम तिन्ही त्याच्या हाती होते. बाकीच्या वऱ्हाडाला निवड ही गोष्ट ठाऊकच नव्हती.

ती ठाऊक करून दिली प्लेगने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप दिसू लागला, आणि डॉक्टर व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे सांगितले. पुढे पुण्यात काय झाले, रँडसाहेबाचे काय झाले, हे पोरालाही पाठ असते. घरांच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र निराळी गोष्ट महत्त्वाची आहे. गावोगाव माणसे घरे सोडून शेतात झोपड्या घालून राहू लागली. शेकडो वर्षांत पहिल्यांदाच पांढरी रिकामी पडली आणि काळीवर चूल पेटली. उघड्यावर माणसे वाचतात आणि कोंदट गल्लीत मरतात हे अनुभवाने पटल्यावर, घर कोणत्या जागी आहे याचा जगण्यामरण्याशी संबंध आहे, हे लोकांना कोणा शास्त्रज्ञाने समजावून सांगावे लागले नाही.

सरकारने १८९८ साली मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने गल्ल्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, दादर, माटुंगा आणि शीवकडे नव्या वसाहतींची आखणी केली. आज ज्या हिंदू कॉलनीचे आणि पारशी कॉलनीचे रस्ते पाहून आपण डोक्यावर झाडांची सावली किती म्हणून वाखाणतो, ते त्या आखणीचे फळ. परंतु ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांतले फार थोडे त्या सावलीत गेले. बहुतेक जण शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळीत घुसले आणि तिला अधिक भरून टाकले. गरिबाची वस्ती सुधारावयाची म्हणजे गरिबाला तेथून उठवावयाचे, हा प्रकार तेव्हापासून चालू आहे आणि अजून संपलेला नाही.

येथे वरळीच्या चाळींची हकीकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आमच्या मते घर घेणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी अशी आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत खोल्यांची एवढी टंचाई झाली की गव्हर्नर लॉइड यांनी १९२० साली विकासाचे एक स्वतंत्र खातेच काढले. त्याच्या इंग्रजी नावाची तीन अक्षरे आजही बी. डी. डी. चाळ म्हणून आपल्या तोंडी आहेत. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला होता. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, म्हणजे खोल्या संकल्पाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. इमारती भक्कम होत्या. शंभर वर्षे टिकल्या यावरून ते दिसतेच. खोली साधारण १६० चौरस फुटांची, गिरणीतल्या माणसाच्या सवयीबाहेरची नव्हे. आणि तरीही वरळीच्या पुष्कळशा खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. ज्या शहरात माणसे जिन्याखाली झोपत होती, त्या शहरात सरकारने बांधलेल्या खोल्यांना बिऱ्हाडकरू मिळेना!

का मिळेना? खोल्या होत्या, वस्ती नव्हती. गिरणी लांब, भाडे खिशाला जड. बाजार नाही, वाण्याचे दुकान नाही, रस्त्यावर धड दिवे नाहीत, दवाखाना नाही. गिरणी कामगार उधारीवर जगतो. त्याला ओळखीचा वाणी लागतो, गावचा माणूस लागतो, खाणावळ लागते, पाळीवर जाताना मूल ज्या म्हातारीच्या स्वाधीन करावे ती म्हातारी लागते. सरकारी आराखड्यात म्हातारी नव्हती. १९२९ साली व्हिटले कमिशन नेमले गेले. त्यात आमच्या चळवळीचे आद्य पुरुष नारायण मल्हार जोशी सभासद होते. त्या कमिशनपुढे कामगारांच्या घरांचा हा प्रश्न आला, आणि १९३१ च्या अहवालात घर आणि आरोग्य यांना मोठी जागा मिळाली. पुढे त्याच वरळीत, त्याच नायगावात माणसे आली, दुकाने आली, शाळा, व्यायामशाळा, भजनी मंडळे, वाचनालये, गणपती, जयंती, संपाच्या सभा सारे आले. आता त्या चाळी पाडून उंच मनोरे उठत आहेत, तेव्हा तेथील म्हाताऱ्या माणसांना मोठे घर मिळण्याचा आनंद आणि दाराबाहेरचा सामायिक व्हरांडा जाण्याचे दुःख एकाच वेळी होते. ज्या खोल्या एकेकाळी फुकट गेल्या अशी टीका होत होती, त्यांना वस्ती कोणी केले? तेथे राहणाऱ्यांनी केले.

दुसरी वाट सहकाराची. १९०९ साली बंगळूरला घरबांधणीची सहकारी संस्था निघाली, आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी आपली सोसायटी नोंदवली. तळमकी हे त्या कामातले मोठे नाव. मध्यमवर्गीय कारकुनाने, शिक्षकाने थोडे थोडे भाग भरावेत, संस्थेने जमीन घ्यावी, इमारत सर्वांची आणि बिऱ्हाड प्रत्येकाचे, ही कल्पना फार सुंदर आहे. आम्ही सहकाराचे भक्त आहोत. परंतु भक्ताने देवाची मूर्ती सर्व बाजूंनी पाहावी. या सुरुवातीच्या संस्था बहुधा एकेका जातीच्या किंवा पंथाच्या होत्या. परक्या शहरात आपल्या बोलीचा, आपल्या स्वयंपाकाचा शेजार मिळावा ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण त्या इच्छेचे नियमात रूपांतर झाले की दार आतून बंद होते. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम केला होता. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ साली न्यायालयाने तो नियम उचलून धरला. कायद्याने ते बरोबर असेल. आम्ही कायद्याविषयी बोलत नाही, शेजाराविषयी बोलत आहोत.

बंद दार म्हणजे काय ते डॉक्टर आंबेडकरांना विचारावे. परदेशात शिकून आलेला हा विद्वान १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाला, हाती पगार होता, हुद्दा होता, आणि सबंध बडोदे शहरात त्याला राहावयास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव लपवून राहावे लागले. तेथेही लाठ्या घेऊन माणसे आली आणि त्यांना बाहेर काढले. त्यांनी त्याच वर्षी बडोदे सोडले. मुंबईत परळच्या सुधार ट्रस्टच्या चाळीत ते कितीतरी वर्षे राहिले. आमच्यासारख्या कामगारांच्या त्या चाळीने त्यांना ठेवून घेतले, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. प्लेगनंतर आखलेल्या त्या वसाहतीत तोवर जमीन घेऊन बांधता येत होते, जन्म विचारला जात नव्हता, निदान कागदावर तरी. कोणत्या वस्तीत घर घ्यावे याचा विचार करताना, त्या वस्तीत कोणाला घर मिळत नाही, हा प्रश्न आमच्या यादीत पाण्याच्या लगेच नंतर येतो. जेथे माणसांना चाळणी लावली जाते तेथे वाढणारी पोरे चाळणी लावावयास शिकतात.

परदेशांतही याच सुमारास विचार चालू होता. क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९२९ साली एक कल्पना मांडली. वस्तीच्या मध्यभागी प्राथमिक शाळा असावी, कोणत्याही घरापासून ती पाव मैलाच्या आसपास असावी, आणि मोठा वाहता रस्ता वस्तीच्या कडेने जावा, मधून नव्हे, म्हणजे मुलाला शाळेत जाताना तो ओलांडावा लागणार नाही. चंदिगडच्या आणि पुढे सिडकोने आखलेल्या नव्या मुंबईच्या सेक्टरांत हीच कल्पना वेगवेगळ्या वेषांत वावरते. आम्हांला पेरीसाहेबाची योजना आवडते ती एका कारणासाठी. त्याने वस्ती मोजताना गज धरला तो सहा वर्षांच्या मुलाच्या पावलाचा.

आता चिखलीकडे परत येऊ. शेताचे प्लॉट कसे होतात हे सर्वांस ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण घोटाळा तेथेच असतो. १९६६ साली महाराष्ट्रात दोन मोठे कायदे झाले. जमीन महसूल अधिनियमाने शेतीची जमीन बिनशेती करण्याची वाट ठरवली, आणि नगररचना अधिनियमाने शहराचा विकास आराखडा ठरवण्याची. ले-आउट पाडणारा माणूस जमीन अकृषक करून घेतो, नकाशा मंजूर करून घेतो, रस्ते सोडतो आणि मोठ्या ले-आउटात काही भाग मोकळा ठेवतो. आजच्या नियमावलीप्रमाणे ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ही दहा टक्के जागा म्हणजे वस्तीचे फुफ्फुस. तेथे पोरे खेळतात, म्हातारे बसतात, लग्नाचा मांडव पडतो, अंगणवाडी होते. विकणारा माणूस नकाशावर ती हिरव्या रंगाने दाखवतो आणि बोट ठेवून सांगतो, येथे बगीचा होणार आहे. पाच वर्षांनी तेथे रेतीचा ढीग असतो, दहा वर्षांनी कोणाचे तरी कुंपण, पंधरा वर्षांनी मंगल कार्यालय.

शहराच्या आराखड्यात मैदानासाठी, शाळेसाठी आरक्षित ठेवलेल्या जागांची तीच कथा, फक्त ती कायदेशीर रीतीने घडते. नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे आराखडा अंतिम होऊन दहा वर्षे झाली आणि जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही मुदतीत काही झाले नाही तर आरक्षण उडते. ही मुदत पूर्वी महिन्यांत मोजण्याइतकी थोडी होती, २०१५ नंतर ती २४ महिने झाली. मालकाच्या हक्काची बाजू आम्ही समजतो, जमीन अडकवून ठेवणे हा अन्यायच आहे. पण दहा वर्षे ज्या वस्तीने मैदानाविषयी एकदाही चौकशी केली नाही, तिचे मैदान अकराव्या वर्षी गेले तर दोष कोणाला द्यावा?

मंजुरीवाचून पाडलेल्या तुकड्यांचा प्रकार आणखी निराळा. त्याला गुंठेवारी म्हणतात. २००१ साली त्यासाठी खास कायदा करून अशी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली, आणि पुढे २०२१ साली मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना ती लागू केली. गरिबाला ती एकच परवडते म्हणून तो तेथे जातो. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. आम्ही त्याला एवढेच सांगतो की जेथे नकाशाच नाही तेथे मोकळी जागाही नाही, आणि पुढे नियमितपणाचा दाखला मिळाला तरी त्या दाखल्याबरोबर मैदान मिळत नाही.

काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे, ती आमच्या शेतकरी बांधवांना सांगावयास नको. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर तिसऱ्या उन्हाळ्यात भिंतीवर तिरपी चीर पडते. वाडवडिलांनी राहण्यासाठी उंचवटा आणि मुरूम निवडला होता, तो उगाच नव्हे. आमच्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती भाषापंडितांनी ठरवावी. नव्या वस्त्यांतल्या श्रावणाची व्युत्पत्ती आम्ही सांगू शकतो. ज्या ले-आउटला नाल्या नाहीत तेथे मूल एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात चपला घेऊन शाळेला जाते. म्हणून प्लॉट पाहावयाचा तर वैशाखात पाहू नये. वैशाखात सर्वच जमिनी गुणी दिसतात. आषाढात, दोन दिवसांच्या झडीनंतर जावे.

आणि एकट्याने जाऊ नये, बायकोला न्यावे. हे आम्ही विनोदाने सांगत नाही. आमच्या कचेरीत येणारा हमाल प्लॉटचा चौरस फुटाचा भाव सांगतो, स्टँडपासूनचे अंतर सांगतो, पुढे किंमत किती वाढेल तेही सांगतो. त्याची बायको मागे उभी असते. तिला विचारले की ती सांगते, तेथे नळाला किती दिवसांनी पाणी येते, येते ते रात्री दोनला की पहाटे पाचला, दळण कोठे, संध्याकाळी सातनंतर मुलगी शिकवणीहून येते त्या वाटेवर दिवा आहे की नाही, आणि कोपऱ्यावर दारूचे दुकान आहे की नाही. आमच्या तीस वर्षांच्या अनुभवात घरांविषयीची अधिक खरी माहिती आम्हांला मागे उभ्या असलेल्या माणसाकडून मिळाली आहे. किंमत वाढेल हे खरे, पण राहत्या घराची वाढलेली किंमत खाता येत नाही, आणि पाणी मात्र रोज प्यावे लागते.

शाळेचे अंतर आता कायद्यातही आले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालच्या आपल्या राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि वरची प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. पिवळी गाडी दारात येते म्हणून पुष्कळ पालक आता अंतर पाहत नाहीत. आम्ही पाहतो. चालत जाण्याजोगी शाळा असली की मुलाला वाट कळते, वाटेवरची माणसे कळतात, आणि वाटेवरच्या माणसांना मूल कळते. त्या सरकारी शाळेत वस्तीतली सर्व मुले जातात की केवळ गरिबांचीच, हे पाहिले म्हणजे वस्तीविषयी बरेच कळते.

२०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या, ते चांगले झाले. भाव मात्र पाटी वाचून ठरत नाही. एकाच रस्त्याच्या एका अंगाला चौरस फुटाला जो भाव आहे तो दुसऱ्या अंगाला नाही, आणि त्याचे कारण दलाल आवाज खाली आणून सांगतो. ही पांढरीची जुनी आळी आहे, ती काळीवर चालत आली. गरजू माणसाने खाली आणलेल्या आवाजाच्या बाजूचाही प्लॉट पाहावा असे आम्ही सांगतो. पुष्कळदा तेथे पाणी अधिक चांगले असते, शाळा जवळ असते, आणि शेजारीही कमी हिशेबी असतात.

कामगारांनी स्वतः वस्ती उभी केल्याचा मोठा दाखला सोलापूरचा आहे. तेथल्या विडी वळणाऱ्या बायकांनी, आडम मास्तरांच्या पुढारपणाखाली, अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत उभी केली. दहा हजार घरे, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग तेथे आले. पुढे त्याच परिसरात रे नगर हा ३० हजार घरांचा संकल्प झाला, आणि २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान मोदी यांच्या हस्ते त्यांतल्या १५ हजार घरांचे वाटप झाले. भिन्न पक्षांच्या दोन पंतप्रधानांनी येऊन कामगारांच्या मागणीवर उभ्या राहिलेल्या घरांच्या किल्ल्या द्याव्यात, हे आमच्या चळवळीच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. विडी वळणारी बाई दिवसाला हजाराच्या हिशेबाने विड्या वळते आणि त्या मोजून देते. घराचा हप्ताही तिने तसाच मोजून भरला. अर्थात गावाबाहेर एवढी घरे एकदम उभी राहिली की वरळीचाच प्रश्न नव्याने उभा राहतो. बस किती वेळा येते, दवाखाना कोठे, वाणी उधार देतो का, मुलांची शाळा कधी भरते. फरक एवढाच की वरळीच्या खोल्या रिकाम्या होत्या तेव्हा विचारणारे कोणी नव्हते. येथे आधी संघटना होती, मग घरे झाली.

आमच्या चिखलीत असे काही मोठे झालेले नाही. एक लहान गोष्ट झाली ती सांगतो. काही वर्षांपूर्वी बाजार समितीतले आणि एस. टी.तले मिळून चौदा कुटुंबांनी एकाच ले-आउटात प्लॉट घेण्याचे ठरवले. आम्ही त्यांना एकच गोष्ट धरून बसावयास सांगितले. किंमत कमी करण्यासाठी घासाघीस करू नका, मोकळ्या जागेचा ताबा आधी लिहून नगरपालिकेकडे द्या आणि मगच बयाणा घ्या, असे विकणाऱ्याला सांगा. तो प्रथम हसला. एक-दोन गिऱ्हाइके असती तर हसतच राहिला असता. चौदा जण एकदम उठून निघाले तेव्हा त्याने चहा मागवला. महिन्याभराने कागद झाला. चौदांपैकी चार घरे एका जातीची, तीन दुसरीची, दोन मुसलमानांची, बाकीची आणखी कोणाकोणाची. हे ठरवून केले नव्हते, युनियनची यादीच तशी होती.

त्या मोकळ्या जागेवर आता कडुनिंबाची चार झाडे आहेत. सकाळी तेथे म्हातारे फिरतात, दुपारी शेळ्या येतात, संध्याकाळी क्रिकेट चालते आणि त्यात दोन पोरीही खेळतात. चेंडूने एका घराची काच दोनदा फुटली आणि त्यावरून भांडणही झाले. कुंपणासाठी वर्गणी काढली आहे. चौदांतल्या अकरा घरांची जमा झाली असून तीन घरांची यावयाची आहे.